दिगंबरचे कपडे

नाव दिगंबर,
आणि कपडे तीन कपाटं भरून.
हा विनोद मी त्याला एक्केचाळीस वर्षं ऐकवला.
आता कपाटांना ऐकवते.

कॉन्सेटला मार्चमध्येही वारा असा
की चॅरिटीच्या दुकानाची पाटी कण्हत असते.
दोन पिशव्या भरून मी तिथवर गेले
आणि दारातूनच परत फिरले.
काउंटरवरची मुलगी गोड होती, तिचा दोष नाही.
मला फक्त दिसलं,
की बसस्टॉपवर कुणीतरी त्याचा करडा कोट घालून उभं आहे
आणि हाक मारली तरी वळत नाही.

शेजारची हिल्डा रॉब्सन म्हणाली,
मग कापून टाक.
चौऱ्याऐंशीची बाई, आडपडदा ठेवत नाही.
कपड्यांचा लाकडी चिमटा मोडून, अर्ध्याचं टोक घासून
तिने माझ्या हातात दिलं,
आणि चौकटीवर ताणलेलं तरट.
म्हणजे साधं गोणपाट,
ज्यातून आमच्याकडे शेंगा यायच्या.

भोक पाड, चिंधी खुपस,
शेजारी दुसरं भोक, तिथून टोक वर ओढ.
एवढंच.
नक्षी आपली आपण होते, म्हणाली.

पहिल्या दिवशी कात्री चालेना.
निळ्या शर्टाच्या खिशात बसचं तिकीट
आणि बडीशेपेचे चार दाणे.
बडीशेप मी खाल्ली.

मग चालली. बोटभर रुंद, चार बोटं लांब.
लग्नातला सूट, जो त्याला कधीच नीट बसला नाही.
मी विणलेला स्वेटर,
‘टोचतो’ म्हणत जो त्याने वीस हिवाळे घातला.
पोलाद कारखान्यातला बॉयलर सूट,
त्याच्या शिवणी उसवल्या तर आत लाल धूळ.
भट्ट्या पाडून जमाना झाला, तिथे आता गवत,
मेंढ्यांनासुद्धा काही आठवत नाही,
आणि ही धूळ माझ्या मांडीवर,
दोरीवरच्या प्रत्येक धुण्यावर बसायची तीच,
जिच्यावरून आम्ही भांडायचो.
त्या दिवशी मी तरटाला हात लावला नाही.

शेवटचा पायजमा धुतला नव्हता.
तो धुतला.
मग कापला.
सांगायला तीन ओळी, लागले तीन महिने.

शर्वरी फोनवर विचारते, आई, आज काय केलंस?
बाबांची उजवी बाही.
बराच वेळ पलीकडून काही नाही.
मग, डावी ठेव माझ्यासाठी.

हिल्डा चौकटीच्या त्या बाजूला, मी या.
ती काही विचारत नाही.
मी थांबले की एवढंच म्हणते,
ती चिंधी सैल राहिली बघ.

डिसेंबरात पायपोस पुरा झाला.
हिल्डाच्या माहेरची रीत,
नाताळच्या आदल्या रात्री नवा शेगडीपुढे,
जुना स्वयंपाकघरात, त्याहून जुना मागच्या दाराशी.
अंथरून ती म्हणाली, हं, उभी राहा.

पाय?
वहीला लागला तरी आमचा हात कपाळाला जातो.
याच्यावर कसा देऊ?
मग केलास कशाला, म्हणाली, भिंतीला?
आणि आपला चहा पिऊन घरी गेली.

गुंडाळून सोफ्यामागे उभा केला.
लांबून आलेल्या, ओळख न दिलेल्या पाहुण्यासारखा
तो तिथे नऊ दिवस.

दहाव्या रात्री बाहेर बर्फ,
हीटर पुन्हा रुसलेला.
तीनला उठले, दिवा न लावता तो पसरला,
वाकून नमस्कार केला,
आणि पाय ठेवले.

गरम होता. लोकरच ती, गरम असणारच.
पण तसाच टोचला.

थंडीत माझे पाय बर्फाचे गोळे.
ते मी सरळ त्याच्या पोटऱ्यांना लावायची.
तो झोपेतच शिव्या घालायचा,
सोलापुरी, एकाहून एक,
आणि पाय मात्र
हलवायचा नाही.