मोजणी

फेब्रुवारीत, देवळाली गावात, भाचीच्या हळदीला
पाटावर बसले ती बसलेच.
मांड्यांना हाक मारली, मांड्यांनी ओ दिली नाही.
शेवटी दोन पोरींनी काखेत हात घालून
कांद्याचं पोतं उचलावं तशी उचलली मला,
आणि कुणीतरी हसत म्हणालं,
काकू, वजन काहीच नाही की हो तुमचं!

तेच तर.
बांगड्या कोपराकडे चढायला लागल्या,
वाटलं, बरं झालं, बारीक झाले.
लोणच्याची बरणी निकमांच्या नातवाकडून उघडून घ्यायची,
वाटलं, हल्ली झाकणंच घट्ट करतात.

जेल रोडला, मेडिकलच्या वरती, सायमा शेखचा दवाखाना.
तिनं मुठीत एक दांडा दिला. आवळा, म्हणाली.
काटा बारावर थांबला.
अगं, नोटांच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं होते मी,
कागदाचे गठ्ठे या हातांनी...
"आणि त्या हातांना खायला काय देता, मावशी?"
सकाळी चहा-खारी. दुपारी अर्धी भाकरी.
रात्री भूक नसते, दूध-पोहे.
तिनं कागद ओढला आणि औषध लिहावं तसं लिहिलं:
दोन अंडी. मुगाची उसळ, वाटीभर, चमचाभर नव्हे.
दही. शेंगदाणे.
खुर्ची एक, भिंतीला टेकलेली.
हात न लावता उठा. हळू बसा.

म्हणजे उठाबशाच की.
तिसरीत गुरुजींनी कान धरून पन्नास सांगितल्या होत्या,
तीसवर मधली सुट्टी झाली आणि मी पळाले.
उरलेल्या वीस बहात्तराव्या वर्षी दारात उभ्या.

पहिल्या दिवशी तीन. तिसरीला हात टेकला.
प्रेसमध्ये शाई केसभर सरकलेला कागद
मी अंगठ्यानं बाजूला काढायची.
साहेब म्हणायचे, बागूलबाईंच्या नजरेतून डाग सुटत नाही.
तसंच आता.
हात टेकला, बाद.
तोल गेला, बाद.
धपकन बसले, बाद.
हळू बसणं हेच खरं काम, सायमा म्हणते,
पडायला काय, कुणालाही येतं.

यांच्या फोटोखाली अंडी उकडते.
हयातभर उंबऱ्याच्या आत अंडं येऊ दिलं नाही त्यांनी.
रागावू नका, म्हणते,
मला उचलायला तुम्ही येणार आहात का?

नोव्हेंबरात त्याच भाचीचं डोहाळजेवण.
काकूंना खुर्ची द्या रे, कुणी ओरडलं.
मी पाटावर बसले.
बर्फी की पेढा झालं, ओटी झाली,
मग एक गुडघा उभा केला, पंजा रोवला
आणि उठले.
कुणी पाहिलं नाही. सगळ्या फोटो काढण्यात.
एवढंच हवं होतं मला,
माझ्या उठण्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये.

परतीला दसक फाट्यावर रिक्षातून उतरताना मात्र
हात दांडीवर गेला.
बाद.