खूणगाठ

रुमालाच्या टोकाला गाठ आहे.
मीच मारलेली, दुहेरी, ओढून पक्की केलेली.
अशी मी उगाच मारत नाही.
कशासाठी मारली, ते आठवत नाही.

सोहारमध्ये पहाटेचे पावणेपाच.
एसीचं पाणी बादलीत टपटपतंय,
ती ओतायची, हे आठवतं.
कंपनीची बस पाच दहाला, हे आठवतं.
सहा-तीन-शून्य-आठ नंबरचं बेअरिंग
तिसऱ्या रॅकला, खालून दुसऱ्या खणात;
झोपेतून उठवून विचारा.
बँकेचा पिन दोन-सहा-दोन-शून्य,
म्हणजे दोन किलो सहाशे वीस ग्रॅम,
नर्सने फोनवर सांगितलेलं मुलीचं वजन.
आता ती माझ्या खांद्याला लागेल म्हणतात.
पिन बदला, असा मेसेज बँक दर वर्षी पाठवते.
मी बदलत नाही.

आईच्या पदराला एका वेळी तीन-तीन गाठी असत.
एक बचत गटाच्या हप्त्याची,
एक म्हशीच्या इंजेक्शनची,
आणि तिसरी कसली विचारलं, तर म्हणायची,
ती तुला सांगायची नाही.
तिसरी गाठ लुगड्याबरोबर धुतली जायची,
वाळायची, तशीच राहायची.

माझ्या डांगरीला पदर नाही.
चार खिसे आहेत, छातीवर कंपनीचं नाव आहे.
म्हणून रुमाल.

बसमधून बायकोला फोन लावला.
मी काही बोललो होतो का तुला, लक्षात ठेवायचं म्हणून?
तिने अकरा गोष्टी सांगितल्या.
पतसंस्थेचा हप्ता, पत्र्याचे पैसे, मुलीच्या चष्म्याचा नंबर,
अण्णांची तिथी, जी यंदा शुक्रवारी येते
म्हणजे तुम्हाला सुट्टीच आहे, निदान आंघोळ करून कावळ्याला...
इथे कावळे आहेत का हो?
आहेत, म्हटलं. बंदराकडे.
अकराही गोष्टी मला पाठ होत्या.
त्यांना गाठ लागत नाही.

दिवसभर बोट जाऊन जाऊन गाठीवरच.
दाताच्या फटीत अडकलेल्या बडीशेपेसारखी
जीभ फिरते, निघत नाही.
दोन पावत्या चुकीच्या फाडल्या.
सुपरवायझर म्हणाला, घरी सगळं ठीक?
ठीकच होतं.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या जशीमने
रस्त्यापलीकडून हाक मारली.
ओ भाई! तुम्हारा दोस्त का कमीज!

आणि गाठ आतून सुटली.

लियाकत हुर्जुक, दाभोळचा.
नऊ वर्षं माझ्या खालच्या कॉटवर.
मंगळवारी रात्रीच्या विमानाने गेला,
लेकीच्या निकाहाला.
सकाळी जाताना मी दारात, तो ब्रश तोंडात धरून म्हणाला होता,
येताना माझं शर्ट तेवढं उचल, हां.
मोतिया रंगाचं, मस्कतहून आणलेलं,
अजून एकदाही न घातलेलं.
मी त्याच्यासमोर गाठ मारली. तो हसला.
मग त्या दिवशी ओव्हरटाइम लागला,
आणि मी आलो तेव्हा गाडी खाली उभी,
तीस किलोची बॅग, वर दोरी, वर आणखी एक दोरी,
चल रे, चल रे, येतो, दुआ कर.
दोघांच्याही डोक्यातून गेलं.

जशीमने पैसे घेतले नाहीत.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली घडी, अजून इस्त्रीची वाटत होती,
पण ते माझ्या हाताचंच ऊन असेल.

फोन केला. मागे मुलं ओरडत होती, कोणीतरी भांडी मोजत होतं.
निकाह काल झाला, लियाकत म्हणाला.
अरे, शर्टाचं काय घेऊन बसलास?
भावाचं घातलं न् मी. काखेत आवळत होतं जरा.
फोटोत कळत नाय.

फोटो आला. कळतं.

शर्ट त्याच्या कॉटवरच्या खिळ्याला लावलाय.
पहाटे अंधारात डोळे उघडले की
क्षणभर वाटतं, हा आज माझ्या आधी उठला.

गाठ सोडणार होतो.
नखं लावून पाहिली, मग राहू दिली.
जे लक्षात ठेवायचं होतं ते संपलं,
आता जे विसरलो, ते तिच्यात आहे.
बायकोने विचारलं, मिळालं का, कसली गाठ होती?
म्हटलं, ती तुला सांगायची नाही.

खाली हॉर्न वाजतोय. पाच दहा.
बूट घालताना मोजा ओला लागला.
बादली.