पलंगापासून ग्लासापर्यंत

तक्रार क्रमांक एकशे अठरा.
बिंगोच्या सात कार्डांच्या पाठीवर, पेन्सिलीनं.
सही: वेन्डेल ओस्टरहाउट, खोली नऊ, खिडकीकडची बाजू.

मी पोचले तेव्हा उणे एकतीस होतं.
सस्कॅचवानच्या या टोकाला रस्ता संपत नाही,
नुसता पांढरा होत जातो.
दारात बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या.
व्यवस्थापकीणबाईंनी कॉफी पुढे केली.
कॉफी घ्यायची नाही, असा आमचा नियम आहे.
वास घेतला.

वेन्डेल चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर काट्यापाशी होता.
भरली गाडी, रिकामी गाडी,
मधला फरक त्याच्या वहीत.
इथं तो शेजारच्या पलंगाची घंटा तोलतो:
"वाजली दोन पाचला. आली तीन एकला.
छप्पन्न. लिहा."

शेजारी ओस्कार हालवर्सन.
झटक्यानंतर त्याच्याकडे एकच शब्द उरलाय, "मंगळवार".
तहान लागली तरी मंगळवार. दुखलं तरी.
वेन्डेलला त्यातले फरक कळतात.
मी फक्त "मंगळवार" असं टिपून घेतलं.

तक्ता निर्दोष होता.
दर दोन तासांनी कूस बदलल्याची खूण,
बारा, दोन, चार, सहा,
एकाच शाईत, एकाच कलानं, एका दमात,
शाळेत शिक्षेच्या शंभर ओळी उतरवाव्यात तशी.
तेरा तारखेला वादळात रात्रभर वीज नव्हती.
त्या रात्रीच्या खुणा सगळ्यांत सुबक.

ओस्कारच्या माकडहाडापाशी जखम,
बाटलीच्या बुचाएवढी.
रुंदी लिहिली. खोली लिहिली.

रात्रपाळीची रोवेना कातिंदिग
खुर्चीच्या कडेवर बसली, अंगात अजून कोट.
"बत्तीस पलंग. मी एकटी.
खूण नाही केली तर नोकरी जाते.
केली तर..."
पुढचं तिनं नखानं टेबलावर खरवडलं.
हे कुठल्या रकान्यात घालू, कळेना.
"इतर" असा एक आहे.
त्यात दोन ओळी मावतात.

ग्लास चाकांच्या टेबलावर होता, काठोकाठ भरलेला,
वर कागदी झाकण,
ओस्कारच्या चालत्या हातापासून लांब.
मी आधी फोटो काढला.
मग टेप लावली: एकसष्ट सेंटीमीटर.
मग खात्रीसाठी पुन्हा एकदा.
तो बघत होता. टेपकडे नाही.

"मंगळवार."

"पाणी हवंय त्याला," वेन्डेल म्हणाला.
मी ग्लास उचलला, नळी त्याच्या ओठांना लावली,
आणि मागून पेन्सिलीचा आवाज ऐकला.
आठवं कार्ड.
"तुमचं नाव सांगा, स्पेलिंगसकट," तो म्हणाला.
"चार मिनिटं."

ते कार्डही अहवालाला जोडलं आहे.