फेरी चुकली

सगुणबाबांचं घर बेतीला, छापखाना पणजीत, मळ्यात.
मधे मांडवी, आणि मी.
चारच्या बोटीत चढायचो
मेणकापडातल्या तीन चौकटी पोटाशी धरून.
चौकटींत कायतान आणि भिवा धक्क्यावर,
पायाशी कुत्रा,
आणि फेरी नुकतीच सुटलेली.
एक्केचाळीस वर्षं नुकतीच सुटलेली.

जनमत कौलाच्या वर्षी
भिवाच्या हातात दोन पानं, कायतानच्या हातात फूल.
उलटं झालंय, मालक ओरडले.
असू दे, बाब म्हणाले.
महिनाभर दोघे पाठीला पाठ लावून उभे.
निकालाच्या सकाळी
कुत्र्याने पानं खाल्ली, मग फूलही.
शिव्यांची पत्रं दोन्ही बाजूंनी आली,
बाबांनी त्यांवर चहाचे कप ठेवले.

मग पूल झाला.
आता फेरीची वाट कोण बघतो, बंद करा.
बाबांनी पूल काढला: मागे, टाकाच्या एका रेघेत,
इतका बारीक की ब्लॉकमध्ये उतरलाच नाही.
आणि तो पडला त्या जुलैत
चित्र पहिल्यांदा पहिल्या पानावर गेलं.
संवाद नाही.
धक्क्यावर अख्खी पणजी, छत्र्या, स्कूटरी, शाळेची पोरं,
आणि कायतान जरा सरकून
जागा करून देतोय.

मी एकदा विचारलं, जायचं कुठे असतं हो ह्यांना?
बाब बाटलीचं बूच लावत म्हणाले,
"पलतडीं रे. तुका कसली घाय?"

ते बांबोळीला इस्पितळात होते
तेव्हाचा एक बुधवार माझा आहे.
त्यांच्याच टाकाने, श्वास धरून काढलेला.
कुणाला कळलं नाही.
फक्त डिचोलीहून पोस्टकार्ड, आवडूबाई फडते, निवृत्त शिक्षिका:
'कुत्र्याची शेपटी आज उजवीकडे वळली आहे.
चित्रकारांची प्रकृती बरी आहे ना?'
कार्ड बाबांना दाखवलं. हसले नाहीत.
पत्त्याशेजारच्या कोऱ्या जागेत
थरथरत्या हाताने शेपटी काढून दाखवली.
तीनदा. डावीकडे.

आता जुनीच चित्रं छापतात,
संगणकावरचा मुलगा हाताला येईल ते लावतो.
गेल्या साली माझा बुधवार फिरून आला.
पंधरा दिवस कचेरीत जाऊन विचारत होतो,
काही टपाल?
मुलगा मान वर न करता म्हणाला,
काका, टपाल आता येतच नाही.