मधली चौकट

मार्च संपत आला तरी जिन्यावर बर्फ होताच,
घराबाहेरून वळत जाणाऱ्या लोखंडी जिन्यावर,
ज्याच्या सतरा पायऱ्या
गिलेन तेरियो एकोणतीस वर्षं मोजत आलीय,
कधी पिशवीसकट, कधी नुसत्या गुडघ्यासकट.

पाकीट आलं.
आठशे चाळीसचे अकराशे नव्वद, एक जुलैपासून.
खाली मालक कंपनीचं नाव, म्हणजे नऊ आकडी संख्या.
नावाच्या जागी आकडे असले
की शिवी तरी कुणाला घालायची?

म्हातारा लाव्हर्द्यूर मालक होता तेव्हा
स्वतः वर यायचा, टोपी काढायचा,
वीस डॉलर वाढवायला
तासभर थंडीबद्दल बोलायचा.

तिने वाण्याकडून केळ्यांची खोकी आणली.
एकात शिवणमशीनचे सुटे भाग, बॉबिनी, कात्र्या.
दुसऱ्यात ताटल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून.
तिसरं भरायच्या आत
खालचा विल्नेर नळाचा वॉशर बदलायला आला,
हैतीचा, रात्रपाळीचा, डोळे कायम लाल.
"मॅडम, उत्तर दिलंत?"
"काय द्यायचं?"
"इथे गप्प बसलात तर हो धरतात.
एक महिना. मी बसलो होतो गप्प."
मग पान्ह्याकडे बघत,
"अजून फेडतोय."

मौनं संमतिलक्षणम्,
आपण सहज बोलून जातो.
माँट्रियलमध्ये ते भाड्याच्या कायद्यात आहे.

त्याने खिशातून घडी पडलेला छापील कागद काढला.
तीन चौकटी.
वरची: मान्य.
खालची: घर सोडते.
याच दोन तिला ठाऊक होत्या,
कारखान्यात, लग्नात, सगळीकडे.
सोसायचं नाहीतर निघायचं.

मधली तिने चष्मा पुसून वाचली.
वाढ नाकारते आणि राहते.

'पण' नाही. 'तरीही' नाही.
आणि.

रजिस्टर पोस्टाची पावती
तिने साखरेच्या डब्यात ठेवली.

आज एक जुलै. अर्धं शहर घरं बदलतंय.
समोरच्या जिन्यावर चौघं जण
दोरीने बांधलेला फ्रिज उतरवताहेत,
वळणावर अडकलाय, शिव्या फ्रेंचमध्ये.
गिलेन सर्वांत वरच्या पायरीवर बसलीय,
वाटाणे सोलत.
कंपनी न्यायाधिकरणाकडे गेलीय म्हणे.
तारीख यायचीय.

मशीन पुन्हा जोडून झालं.
ताटल्यांचं खोकं मात्र
तिने अजून सोडलेलं नाही.