हशा क्रमांक चार

ओशिवऱ्याच्या तळघरात माझं काम एवढंच:
कुठे हसायचं ते लोकांना सांगणं.

तो लचकत यायचा, मनगट सैल,
गुलाबी रुमाल,
नाव काहीही, बबलू म्हणा, स्वीटी म्हणा,
की मी खाली सरकवायचो
हशा क्रमांक चार.
मोठा. बायकांचे आवाज जास्त असलेला.

रात्री चुनाभट्टीला
आई तोच भाग बघत भाजी निवडायची
आणि बरोब्बर माझ्या खुणेवर हसायची.
मी मोरीत हात धुवायला जायचो.
जरा जास्तच वेळ लागायचा.

मग काही वर्षं त्यांना मारायची टूम निघाली.
दोन मुली: एकीचं लग्न, दुसरी ट्रकखाली.
हशा नको, सारंगी लाव, म्हणाले.
लावली.

परवा टेबलावर आले दोन पुरुष, पन्नाशीचे,
गॅसचा नंबर कुणी लावायचा यावरून भांडणारे.
एक चष्मा शोधतोय घरभर.
दुसरा, पेपरातून मान वर न करता,
त्याच्याच कपाळावरचा काढून हातात देतो.
दिग्दर्शिकेनं कागदावर लिहिलंय: इथे काही नको.

काहीच नको?
बोट गेलंच चारवर, सवयीनं.
तसंच राहिलं थोडा वेळ.
मग उचललं. पंख्याची घरघर तेवढी ठेवली.

काल नऊ वाजता आई बघत होती.
चष्म्यापाशी हसली. आपणहून.
हा माझ्या यादीत नव्हता.
"तुझे बाबा अगदी असेच," म्हणाली,
माझ्याकडे पाहिलं नाही,
आणि निवडून झालेला पालक
पुन्हा निवडायला घेतला.