शंकेला कोड नसतो

तळघरात दोन पडदे, एक हीटर, कॉफीचा थर्मास.
वरच्या खिडकीला बाहेरून बर्फ टेकलेलं.
डुलुथला जानेवारीत सरोवरसुद्धा गप्प बसतं;
मी खोकले वाचते.

सत्तावीस वर्षं हेच काम.
डॉक्टर वाक्यं लिहितात, मी त्यांचे आकडे करते.
विषाणू सापडला तर फ्लू जे दहा, नाही सापडला तर जे अकरा.
नुसती सर्दी, जे झीरो झीरो:
सगळ्यांत स्वस्त, तिच्यावरून कुणी विमा कंपनी भांडत नाही.

डॉक्टर टेस्फाये घाईत असले की लिहितात, 'व्हायरल असावं.'
असावं!
बाह्यरुग्ण विभागात 'असावं'ला कोड नसतो,
'बहुधा'ला नसतो, 'शंका आहे'लाही नसतो.
मग शंका बाजूला काढून उरेल ते घ्यायचं:
ताप. खोकला. धाप.
नाहीतर विचारणा पाठवायची, अगदी नियमाप्रमाणे,
उत्तर सुचवायचं नाही, तोंडात शब्द घालायचे नाहीत,
फक्त: कृपया स्पष्ट करावे.

नव्या मुलींना पहिल्या दिवशी एकच सांगते,
लिहिलं नाही ते झालं नाही.
आई रात्रभर बाळाला उभं धरून बसली असेल,
नर्सने स्वतःचा स्वेटर त्याच्या पायांवर टाकला असेल.
नोंद आहे? नाही.
पुढचा चार्ट.

मंगळवारी, पहाटे चारच्या सुमारास, रांगेत सहावं नाव:
कांगासनिएमी, ओटिस. वय अकरा आठवडे. मुक्काम तीन रात्री.
हे आडनाव इथे कुणाला धड उच्चारता येत नाही.
ते लावणारी माणसं या काउंटीत आता दोनच,
मी आणि कार्लीन.
कार्लीनला मूल झालं हे मला
पोस्टातल्या बाईने सांगितलं होतं, तिकिटं फाडता फाडता.
नाव काही सांगितलं नव्हतं.

एक टिचकी, की सगळं उघडलं असतं:
मिनिटाला श्वास किती, ऑक्सिजन किती,
बरगड्यांखाली खळगा पडत होता का,
नाकातल्या नमुन्यात आरएसव्ही निघाला का.
आपल्या माणसाचा चार्ट उघडायचा नाही.
हे मीच शिकवते, पाचव्या स्लाइडवर.
चौकटीत खूण केली: हितसंबंध.
एवढा मोठा शब्द,
आणि चार वर्षांत आमच्यात नाताळची दोन कार्डं.

चार्ट रोक्सॅनकडे गेला.
दुसऱ्या दिवशी फोनवर ती बर्फाबद्दल बोलली,
नांगर फिरवणाऱ्या गाडीबद्दल बोलली,
आणि ठेवताना म्हणाली, 'झोपत जा गं.'
चांगली कोडर आहे.

शुक्रवारी आठवड्याचा गोषवारा आला, नावं गाळून.
आरएसव्ही ब्राँकिओलायटिस, जे एकवीस पॉइंट झीरो: त्रेचाळीस.
त्यातले घरी गेले: त्रेचाळीस.
मी तो आकडा बोटाने पुसून पाहिला,
पडद्यावरची धूळ असावी तसा.

रविवारी मीच फोन लावला.
सहा रिंग. मग तिचा आवाज, माझ्यासारखाच सपाट.
हवेचं झालं. तिच्या गाडीच्या बॅटरीचं झालं.
'तुला कळलंच असेल. मुलगा झालाय. ओटिस.'
'कळलं. कसा आहे?'
मागे काहीतरी खरखरलं, बाळ होतं की किटली.
'मजेत. मध्ये जरा सर्दी झाली होती.'

जरा सर्दी.
विचारणा जिभेच्या टोकावर तयार होती:
तीन रात्री, कार्लीन. सोबत कोण होतं?
तू जेवलीस काय, झोपलीस कधी?

पण नोंद तिची, आणि तिने लिहिलं ते एवढंच.
जे झीरो झीरो, मी मनात म्हटलं,
आणि मोठ्याने, 'सर्दी झाली की त्यांना आडवं होववत नाही.
तू एवढीशी असताना मी तुला उभं धरून बसायचे.
सॉनाच्या बाकावर, स्टोव्ह विझलेला असायचा.'

हे कुठेच लिहिलेलं नाही.
पलीकडे ती बराच वेळ थांबली.
'किती रात्री?' तिने विचारलं.